ढगात शिरल्यावर कान फसवतो

सप्टेंबर 2025 मध्ये बीडच्या आष्टी तालुक्यात पावसाने कहर केला आणि कडा परिसरात पुराने वेढलेल्या माणसांना लष्कराच्या हेलिकॉप्टरने बाहेर काढले. बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्याला हे सवयीचे नाही. पण ज्या हवेने माणसे अडकतात, त्याच हवेतून वैमानिकाला यावे लागते.

उत्तराखंडच्या महापुरात 25 जून 2013 रोजी बचावकार्यात गुंतलेले हवाई दलाचे एमआय-17 व्ही 5 हेलिकॉप्टर केदारनाथहून परतताना खराब हवामानात गौरीकुंडजवळ कोसळले. आतले 20 जण गेले. 8 डिसेंबर 2021 रोजी कुन्नूरजवळ याच जातीचे हेलिकॉप्टर पडले. तेव्हाचे संरक्षण दलप्रमुख जनरल बिपिन रावत यांच्यासह 14 जणांचा जीव गेला. चौकशीच्या प्राथमिक निष्कर्षात यांत्रिक बिघाड आणि घातपात या दोन्ही शक्यता फेटाळल्या गेल्या. दरीतले हवामान अचानक पालटले, हेलिकॉप्टर ढगात शिरले आणि वैमानिकाचे दिशाभान हरपले, असे त्यात म्हटले होते.

कसलेल्या वैमानिकाचे दिशाभान हरपते कसे? आपला तोल डोळे आणि आतला कान मिळून सांभाळतात. कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळले की त्यांतला द्रव किंचित मागे राहतो आणि मेंदूला वळण कळते. पण वळण एकाच वेगाने चालू राहिले, की काही सेकंदांत द्रवही तेवढ्याच वेगाने फिरू लागतो. मग वळत असतानाही आपण सरळ चाललो आहोत, असे वाटते. वळण थांबवले तर उलट्या बाजूला वळल्याचा भास होतो. जमिनीवर ही चूक डोळे दुरुस्त करतात, ढगात मात्र क्षितिजच उरत नाही. 1954 मध्ये इलिनॉय विद्यापीठाने उपकरणांवर उडण्याचा सराव नसलेल्या 20 वैमानिकांची अशी परीक्षा घेतली. सगळ्यांचाच ताबा सुटला, तोही सरासरी 178 सेकंदांत.

यावर उपाय एकच: शरीराला काय वाटते ते बाजूला सारायचे आणि उपकरणांवर विश्वास ठेवायचा. लष्करी वैमानिकांकडून हे घोटून घेतात. पण बचावाच्या कामात तेवढ्याने भागत नाही. छतावरच्या माणसाला उचलायचे तर ढगाच्या खाली, विजेच्या तारा आणि झाडे चुकवत, बाहेर बघतच उडावे लागते. ढग खाली उतरले की ढग आणि जमीन यांच्यामधली फट अरुंद होते, आणि बीडमधल्या बालाघाटाच्या डोंगररांगांजवळ तर फारच.

म्हणून निघण्यापूर्वी ढगाचा तळ किती उंचीवर आहे, हे कळणे माझ्या मते सर्वांत मोलाचे आहे. महसूल मंडळांतली ‘महावेध’ हवामान केंद्रे पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वारा मोजतात, ढगाचा तळ नाही. तो मोजणारी यंत्रे बहुतेक विमानतळांवरच असतात. तशी यंत्रे पूरप्रवण तालुक्यांत बसवायला हवीत. ती येईपर्यंत तहसीलच्या आपत्ती कक्षाने गावातल्या तलाठ्याला किंवा कोतवालाला फोन करून एवढे तरी विचारावे, की समोरचा डोंगर माथ्यापर्यंत दिसतोय का, आणि ते उत्तर तसेच्या तसे वैमानिकाला कळवावे.