चिक चॉकलेटची तबकडी हाती लागली तर

आमच्या भिवंडीत मागांच्या खडखडाटात जॅझ ऐकायचं म्हणजे रेकॉर्ड लावायची ती लाइट गेल्यावर, असं मित्र म्हणतात. लाइट गेल्यावर रेकॉर्ड प्लेअर कसा चालणार, हे त्यांना कोण सांगणार! (चावीचा ग्रामोफोन असेल तर गोष्ट वेगळी.)

असो. जुन्या ७८ आरपीएम तबकड्या गोळा करणाऱ्यांनी एक नाव लक्षात ठेवावं : चिक चॉकलेट. खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, गाव गोव्यातलं हळदोणे. मुंबईच्या ताजमध्ये बँड चालवायचा आणि ट्रम्पेट असं वाजवायचा की लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी त्याला सिनेमात आणलं. १९५१चा 'अलबेला' पुन्हा बघा, पण भगवानदादांवरची नजर जरा काढून मागच्या बँडकडे न्या. ट्रम्पेटवाला तोच. सिनेमाच्या तबकडीवर गायक-संगीतकारांची नावं असत, वादकांची सहसा नसतच. म्हणून लेबलावर विसंबू नका, कान लावा.

चोरबाजारात तबकडी घेताना ती उजेडात तिरकी धरा, म्हणजे केसाएवढी चीरही दिसते. घरी स्पिरिटने अजिबात पुसू नका, तबकडीतली लाख विरघळते. एलपीची सुईही चालत नाही. ७८च्या खाचा जवळपास तिप्पट रुंद असतात, त्यामुळे बारीक सुई तळाशी घासते आणि नुसती खरखर ऐकू येते. वेगळी सुई घ्याच.

कुणाकडे 'अलबेला'च्या तबकड्या असतील तर कळवा, ऐकायला येतो.