गाडीच्या डोळ्यांतला मोतीबिंदू

डिसेंबरातली रात्र. सोलापूरचं लग्न आटोपून आम्ही पुण्याकडे निघालो होतो. मागच्या सीटवर सासूबाई आणि मुलं झोपली होती. टेंभुर्णीच्या अलीकडे ह्यांनी एकदम करकचून ब्रेक दाबला. पुढे उसानं खच्चून भरलेली ट्रॉली उभी होती. मागे ना दिवा, ना लाल पट्टी. आमच्यात आणि तिच्यात जेमतेम हातभर अंतर राहिलं होतं.

"अहो, दिसली नाही का तुम्हाला?" मी ओरडलेच.

"अगं, खरंच नाही दिसली. चष्म्याचा नंबर वाढलाय बहुतेक," हे घाबऱ्या आवाजात म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. नंबर होता तोच निघाला. उलगडा झाला तो गाडी सर्व्हिसिंगला नेली तेव्हा. हेडलाइटवर बोट ठेवून मेकॅनिक म्हणाला, "वहिनी, मोतीबिंदू साहेबांना नाही, गाडीला झालाय!"

पाहिलं तर खरंच! बारा वर्षांच्या गाडीचे दिवे पिवळट, धुरकट झाले होते. रोज पाहत होतो, पण लक्षात मात्र कधी आलं नव्हतं.

काच नव्हे, प्लास्टिक

आपण 'हेडलाइटची काच' म्हणतो, पण आजच्या गाड्यांत ती काच नसतेच. जुन्या अॅम्बेसेडर, फियाटला खरी काच असे. ती फुटे, पण पिवळी पडत नसे. अमेरिकेत १९८३ साली प्लास्टिकच्या आवरणाच्या दिव्यांना परवानगी मिळाली आणि पुढे पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक जगभर रुळलं. ते हलकं, हव्या त्या आकारात घडणारं आणि सहजासहजी न फुटणारं असतं. पण उन्हातले अतिनील किरण त्याला सोसत नाहीत. म्हणून कारखान्यातच त्यावर पारदर्शक संरक्षक थर देतात. वर्षानुवर्षांचं ऊन, धूळ आणि कोरड्या फडक्यानं पुसणं यांमुळे हा थर झिजतो आणि खालचं प्लास्टिक पिवळं पडू लागतं.

अमेरिकेतल्या 'एएए' या मोटारचालकांच्या संघटनेनं २०१८ साली असे दिवे तपासले. नव्या दिव्याच्या तुलनेत त्यांतून जेमतेम २० टक्के प्रकाश बाहेर पडत होता! उरलेला प्रकाश धुरकट आवरणात विखुरतो. म्हणजे आपल्याला दिसत नाही आणि समोरच्याचे डोळे मात्र दिपतात. यावर जास्त वॅटचा बल्ब हा उपाय नव्हे. त्याच्या उष्णतेनं होल्डर आणि वायरिंग वितळण्याची भीती असते.

आधी पारख करा

दिव्यावर पाणी ओता. ओला असेपर्यंत तो स्वच्छ दिसला तर दोष वरच्या पृष्ठभागावर आहे आणि तो घरी काढता येईल. आत पाणी साचलं असेल, आवरणाला तडे असतील किंवा आतला आरसा काळवंडला असेल, तर घासून उपयोग नाही. दिवा बदलायलाच हवा.

रविवारची दोन तासांची कामगिरी

साहित्य हार्डवेअरच्या आणि रंगाच्या दुकानात मिळतं: मास्किंग टेप, ८००, १०००, २००० आणि ३००० नंबरचे वॉटर पेपर, रबिंग कंपाउंड, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि अतिनील किरणांपासून संरक्षण देणारा क्लिअर कोट.

१. गाडी सावलीत उभी करा. दिवे थंड झाले की शाम्पूच्या पाण्यानं धुऊन पुसा.

२. दिव्याभोवतीच्या रंगावर टेपचे दोन थर लावा. ही पायरी गाळलीत तर बॉनेटवर ओरखडे पडतील.

३. पेपर पाण्यात दहा मिनिटं भिजवा. जुना थर पापुद्र्यासारखा निघत असेल तर ८००पासून, नाहीतर १०००पासून सुरुवात करा. पेपर आडवा घासा आणि सतत पाणी सोडत राहा. आधी पिवळं पाणी वाहील. ते पांढरं झालं की जुना थर निघाला असं समजा. मग २०००चा पेपर उभा आणि ३०००चा पुन्हा आडवा घासा.

या टप्प्यावर दिवा पूर्वीपेक्षाही पांढुरका दिसतो. घाबरू नका. मीही, 'गेला दिवा!' म्हणून कपाळाला हात लावला होता.

४. सुती फडक्यावर कंपाउंड घेऊन गोल गोल चोळा. पाहता पाहता आवरण नितळ होतं.

५. अल्कोहोलनं पुसून, कोरडं झाल्यावर, डब्यावरच्या सूचनेप्रमाणे क्लिअर कोट द्या. हे काम मोकळ्या हवेत, तोंडावर मास्क लावून करा. मुलांना दूर ठेवा. पावसाळी दिवस टाळा आणि निदान एक दिवस दिव्यांना पाणी लागू देऊ नका.

टूथपेस्टची जादू

टूथपेस्टनं दिवे चमकतात, हे खरं आहे. तीही बारीक घासणारीच वस्तू. पण ती संरक्षक थर देत नाही, म्हणून काही महिन्यांत पिवळेपणा परततो. डास पळवणारं मलम तर मुळीच लावू नका. त्यातल्या रसायनानं वरचं प्लास्टिक विरघळतं. क्षणभर चमक येते, पण नुकसान कायमचं होतं. पेट्रोल आणि थिनरही वर्ज्य, कारण त्यांनी बारीक तडे जातात.

त्याच तपासणीत घरी घासलेल्या दिव्यांचा प्रकाश नव्याच्या सुमारे ७० टक्क्यांपर्यंत परतला होता. नवेपण पूर्ण येत नाही, पण खर्च नव्या जोडीपेक्षा कितीतरी कमी. नंतर गाडी शक्यतो सावलीत ठेवा आणि दिवे ओल्या, मऊ फडक्यानंच पुसा.

परवा रात्री पुन्हा त्याच रस्त्यानं आलो. उसाची ट्रॉली पुन्हा भेटली, तशीच बिनदिव्याची. पण या वेळी ह्यांनी दुरूनच वेग कमी केला. मागे सासूबाईंची झोपसुद्धा मोडली नाही.