जुन्या दुर्बिणीचे आटे

घरातल्या माळ्यावर जुनी दुर्बीण सापडली की पहिली चौकशी काचेची होते. खरं तर काच हा तिचा सर्वांत टिकाऊ भाग. अडतं ते भलतीकडेच. फोकसची दातेरी पट्टी झिजलेली, नेत्रिका हरवलेली, आरशामागचा एक स्क्रू गायब. आणि दुर्बीण बनवणारी कंपनी बहुधा केव्हाच बंद पडलेली.

पुण्यात विश्रांतवाडीच्या गच्चीवरून आकाश बेताचंच दिसतं. एका अंगाला लोहगावचा विमानतळ, दुसरीकडे आळंदी रस्त्याचे दिवे. दुरुस्तीला मात्र ही जागा सोयीची आहे. दिघीवरून भोसरी गाठली की लेथवाले, आणि शहराकडे वळलं की हार्डवेअरची बोहरी आळी. जुन्या बाजारातही फेरी मारावी, पण तिथे मिळेलच या भरवशावर नव्हे. जुन्या दुर्बिणीचा भाग शोधण्यापेक्षा मोजून करून घेणं कमी दमवतं, असं माझं मत आहे.

मोजताना पहिला चकवा आट्यांचा. ब्रिटिश बनावटीच्या दुर्बिणींवर बहुधा व्हिटवर्थ आटे असतात. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये सुचवलेल्या या पद्धतीत आट्याचा कोन ५५ अंश. मेट्रिकमध्ये तो ६०. पाव इंची व्हिटवर्थ बोल्टला इंचात २० आटे. त्या भोकात ६ मिलिमीटरचा बोल्ट घातला तर आधी डुगडुगतो, जोर लावला तर पितळेचे आटे खाऊन टाकतो. कारागिराला पाव इंचासाठी ‘दोन सुती’ म्हटलेलं समजतं, पण सोबत थ्रेड गेज लावून घ्यावा आणि शक्य तर जुना स्क्रूच नमुना म्हणून न्यावा.

नेत्रिकेचंही तसंच. आजची नळी सव्वा इंची किंवा दोन इंची असते, आणि ती नुसती सरकवून बसवतात. साठ-सत्तरच्या दशकांतल्या अनेक छोट्या जपानी दुर्बिणींना ०.९६५ इंची नळी लागते, तर त्याहून जुन्या ब्रिटिश दुर्बिणींवर सव्वा इंची आट्यांची नेत्रिका फिरवून बसवायची. दोन्ही ठिकाणी उपाय एकच, लेथवर अडॅप्टर काढून घ्यायचा. मूळ नळी कापायची नाही. जोड भिंगाच्या दोन काचा सुट्या करायच्याच असतील, तर आधी कडेवर पेन्सिलने खूण करावी. एक काच जराशी फिरली तरी प्रतिमा बिघडू शकते.

पुण्यात या विषयाला मोठा पूर्वज आहे. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून इथल्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी १८८८ मध्ये वेधशाळा सुरू केली. तिथली ग्रब कंपनीची वीस इंची परावर्तक दुर्बीण त्या काळी देशात सर्वांत मोठी होती. जेऊरला १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध घेणारे ते हेच नायगमवाला. ते निवृत्त झाल्यावर १९१२ मध्ये वेधशाळा बंद पडली आणि यंत्रं कोडाईकनालला गेली. पुढे १९८० च्या दशकात हीच दुर्बीण लेहमध्ये आकाशाची पारख करायला वापरली गेली. पुण्यात मात्र तिच्या नावाची पाटी शोधायला गेलात तर थकाल.

तेव्हाच्या आरशांवर चांदीचा मुलामा असे. तो काळवंडायचा आणि वारंवार द्यावा लागायचा. १९३० च्या दशकात निर्वात पेटीत ॲल्युमिनियमचा थर देण्याची पद्धत आली आणि ती कटकट बरीच मिटली. आजही जुना आरसा मंद झाला की नवा घ्यायची गरज नसते. छापील सर्किट कोरायला वापरतात त्या फेरिक क्लोराइडने जुना ॲल्युमिनियम थर निघतो. हातमोजे घालावेत, आणि द्रावण धातूच्या भांड्यात ठेवू नये. नवा थर मात्र निर्वात पेटी असलेल्याकडूनच घ्यावा. घरगुती रसायनांनी आरसा चकाकवायचे सल्ले ऐकू नयेत.

काच मुळातच ओरखडली असेल तर पुन्हा घासणं आलं. टिळक स्मारक मंदिरातल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेत, जी १९४४ पासून चालू आहे, आरसा घासण्याविषयी विचारता येतं. कार्बोरंडमने घासणं, राळेच्या थरावर पॉलिश, मग वक्रता तपासायला फूकोची चाचणी, हा क्रम हौशी लोकही हाताने पार पाडतात. आरसा तयार झाला की पुन्हा त्याच्या मागचे तीन स्क्रू आलेच, आणि तेही आधी मोजूनच न्यायचे.