गल्लीतलं गॅरेज: ऐकीव गोष्टी आणि वस्तुस्थिती

वॉरंटी संपेपर्यंत गाडीला बाहेरच्या मेस्त्रीचा हात लागू द्यायचा नाही, असं नव्या गाडीचे मालक एकमेकांना बजावत असतात. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी दिलेल्या आदेशात याच्या उलट सांगितलं आहे. सुटे भाग, तपासणीची उपकरणं आणि तांत्रिक माहिती खुल्या बाजारात न दिल्याबद्दल आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. बाहेर काम केलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करायची नाही, बाहेरच्या चुकीच्या दुरुस्तीमुळे झालेल्या नुकसानापुरतीच ती नाकारावी, असंही आयोगाने म्हटलं. कंपन्या या आदेशाविरुद्ध दाद मागायला गेल्या आणि वाद पुढे कित्येक वर्षं चालला. म्हणून वॉरंटीची पुस्तिका वाचणं मालकाला चुकत नाही. मोठे दिवे किंवा हॉर्न बसवायला वायरिंग कापलं, तर तिथली वॉरंटी खरोखर धोक्यात येते. चांगला मेस्त्री हे आधीच सांगतो. वॉरंटीतला भाग निकामी झाला असेल, तर तो गाडी उघडतच नाही. फुकट होणारं काम आहे, कंपनीत लावा, म्हणतो. त्या दिवसाची त्याची मजुरी बुडते, पण गिऱ्हाईक टिकतं.

‘फ्री सर्व्हिस’मध्येही साधारणपणे फुकट असते ती मजुरी. ऑइल आणि फिल्टरचे पैसे द्यावेच लागतात.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो: स्कॅनर लावला की बिघाड कळतो, मग तपासणीचे वेगळे पैसे कशाला? स्कॅनर सांगतो एक कोड. उदाहरणार्थ पी-०४२०. या कोडचा अर्थ एवढाच, की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर धूर अपेक्षेइतका साफ करत नसल्याचं गाडीच्या संगणकाला दिसतंय. दोष कन्व्हर्टरचा असेल, ऑक्सिजन सेन्सरचा असेल, किंवा सेन्सरच्या आधी एक्झॉस्टचा एखादा जॉइंट गळत असेल. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे धातू असतात, त्यामुळे तो बदलायचा खर्च दणदणीत येतो; जॉइंटचं गॅसकेट मात्र किरकोळ पैशांत मिळतं. या दोन बिलांमधलं अंतर वाचतं ते कोड बघून न थांबता गाडी रॅम्पवर चढवणाऱ्या, गळती शोधणाऱ्या, सेन्सरचं व्होल्टेज मोजणाऱ्या माणसामुळे. त्याचा तासभर त्यातच जातो, आणि त्या तासाचे पैसे मागायचा त्याला पूर्ण हक्क आहे. तपासणी फुकट करणारं गॅरेज तो खर्च कुठून तरी भरून काढणारच, आणि सगळ्यात सोपी वाट म्हणजे गरज नसलेला भाग बदलणं.

कंपनीच्या खोक्यातला भाग तेवढा अस्सल, बाकी सगळा डुप्लिकेट, हेही खरं नाही. ब्रेक, क्लच, फिल्टर, दिवे यांतलं बरंचसं गाडी कंपनी स्वतः बनवत नाही. बॉशच्या नाशिकच्या कारखान्यात डिझेल इंजेक्टर तयार होतात. असे पुरवठादार गाडी कंपन्यांना माल देतात आणि स्वतःच्या नावाच्या खोक्यातही विकतात. नकली मालही बाजारात आहेच. पुण्याच्या नाना पेठेत घ्या किंवा गावातल्या दुकानात, खोक्यावर उत्पादकाचं नाव, महिना-वर्ष आणि एमआरपी छापलेली असायलाच हवी. नसेल, तर तो भाग ब्रेकमध्ये घालू देऊ नये. बदललेला जुना भागही मागून घ्यावा. भरवशाचा मेस्त्री तो न मागता डिकीत ठेवतो.

ऑइल काळं पडलं म्हणजे संपलं, असा समज तर घरोघरी आहे. ऑइलमधली द्रव्यं काजळी धरून ठेवतात म्हणून ते काळं होतं. डिझेल गाडीत तर काहीशे किलोमीटरमध्येच. बदलायचं ते पुस्तिकेतल्या किलोमीटर किंवा महिन्यांच्या हिशोबाने. उलट, ज्याकडे कुणी बघत नाही ते ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ दर्जाच्या नव्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो. पाणी सुमारे ३.७ टक्क्यांवर गेलं की ही किमान मर्यादा १५५ वर येते. आंबोलीच्या उतारावर सतत ब्रेक दाबून ते उकळलं, तर पाइपात वाफ होते आणि पेडल खाली जातं. दोन वर्षांनी ते बदला म्हणणारा मेस्त्री बिल वाढवत नसतो.

आता बिलाचं. जीएसटी क्रमांक नाही म्हणजे गॅरेज लबाड, असं ठरवणं अन्यायाचं आहे. सेवा देणाऱ्या छोट्या व्यावसायिकाला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत सहसा नोंदणी सक्तीची नसते. पण नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावता येत नाही. लावला असेल तर १५ अक्षरी क्रमांक विचारावा आणि सरकारी पोर्टलवर पडताळून बघावा. आणि नोंदणी असो-नसो, भागांचे पैसे वेगळे, मजुरी वेगळी, असं लिहिलेलं बिल गिऱ्हाइकाने मागून घ्यावं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते.