शेलाटी की हडकुळी?

इंग्रजीत ‘स्लिम’ म्हटलं की कौतुक, ‘थिन’ म्हणजे नुसतं वर्णन, आणि ‘स्किनी’ हा बहुधा टोमणाच. आपल्याकडे शेलाटी, बारीक, हडकुळी, तसंच हे. अर्थ जवळपास एकच. माणूस दुखावतो तो छटेने.

काही छटा इतिहासाने दिल्या. १०६६ मध्ये फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढे दरबार-कचेऱ्यांमधून फ्रेंच शब्द भाषेत मुरले. म्हणून मूळचा इंग्रजी ‘आस्क’ घरगुती, फ्रेंच वळणाचा ‘क्वेश्चन’ जरा करडा, तर लॅटिनमधला ‘इंटरॉगेट’ थेट पोलीसचौकीतला!

रॉजेटचा १८५२ चा प्रसिद्ध थिसॉरस जवळच्या अर्थाच्या शब्दांचा गोतावळा दाखवतो; कोण कुठे शोभेल, ते सांगत नाही. तेव्हा त्यातला नवा शब्द उचलण्याआधी शब्दकोशातली दोन-चार उदाहरणवाक्यं जरूर वाचा.