पारावर भरलेली शाळा

धाराशिव जिल्ह्यात आमच्या लहानपणी रेडिओ म्हणजे परभणी. 1968 साली आकाशवाणीचं परभणी केंद्र सुरू झालं, तेव्हापासून 1305 किलोहर्ट्झला लावलेला काटा आमच्या गावात सहसा कुणी हलवत नसे. वडिलांचा ट्रान्झिस्टर चामडी कव्हरात असायचा. सेल उतरले की आई ते ओसरीच्या कडेला उन्हात मांडायची; संध्याकाळच्या शेतीच्या कार्यक्रमापुरती तरी त्यांत धुगधुगी यायची. मग वडील तो खांद्याला अडकवून पारावर न्यायचे. बातम्या घरात ऐकल्या तरी चालत, शेतीचं मात्र चार जणांत ऐकायचं, असा त्यांचा दंडक होता.

ही चार जणांत ऐकायची रीत किती कामाची आहे, हे महाराष्ट्रात एकदा नीट मोजून पाहिलं गेलं आहे. पुण्याचं आकाशवाणी केंद्र 2 ऑक्टोबर 1953 रोजी सुरू झालं. त्याला तीन वर्षंही झाली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. कॅनडात 1941पासून शेतकरी गटागटाने रेडिओ ऐकत आणि ऐकलेल्यावर चर्चा करत. तोच प्रयोग युनेस्कोच्या मदतीने इथे करायचं ठरलं. 1956च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतल्या दीडशेच्या आसपास गावांत श्रोत्यांची मंडळं बसली. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, मराठीतून. एकूण 20 कार्यक्रम. शेती, आरोग्य, साक्षरता, ग्रामपंचायत असे विषय. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि बोलायला सुरुवात करायची. कोण काय म्हणालं ते मंडळाचा चिटणीस लिहून घेई आणि कागद पुण्याला धाडी. गावांचे प्रश्न केंद्रावर पोचत, आणि त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांतून मिळत.

मला या प्रयोगात सगळ्यात मोलाची वाटते ती ही उलट वाट. रेडिओ एरवी एकतर्फी बोलतो. इथे त्याला ऐकावंही लागलं.

मोजमापाचं काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होतं आणि त्याची धुरा पॉल न्यूराथ यांच्याकडे. हे मूळचे व्हिएन्नाचे. हिटलरच्या डाखाऊ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांतून जिवंत सुटून अमेरिकेला गेलेले समाजशास्त्रज्ञ. त्यांचे वडील ओटो न्यूराथ यांनी आकडेवारी सामान्य माणसाला चित्रांतून समजावी म्हणून एक चित्रलिपीच घडवली होती. ज्ञान सगळ्यांपर्यंत गेलं पाहिजे, हा ध्यास त्या घरातच होता.

त्यांनी मंडळं असलेली गावं एका बाजूला ठेवली. दुसऱ्या बाजूला मंडळ नसलेली, त्यांतही काही रेडिओ असलेली, काही नसलेली. आधी प्रश्न विचारले, प्रयोग संपल्यावर पुन्हा विचारले. मंडळांच्या गावांत लोकांची माहिती डोळ्यांत भरण्याइतकी वाढली होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत जवळपास काहीच फरक नव्हता! ज्यांना अक्षरओळख नव्हती तेही मंडळात बसून शिकले. आणि गावाच्या कामाचे निर्णय घ्यायला ही बैठक उपयोगी पडते, हेही दिसलं. आकाशवाणीचे महासंचालक आणि हिंदी नाटककार जगदीशचंद्र माथुर यांनी न्यूराथ यांच्यासह लिहिलेला अहवाल युनेस्कोने 1959मध्ये छापला. त्याच वर्षी ही योजना देशभर नेण्यात आली.

आमचा जिल्हा या प्रयोगात नव्हता. उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव, तेव्हा हैदराबाद राज्यात होतं. 1 नोव्हेंबर 1956ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, तोवर प्रयोग संपून सहा महिने उलटले होते. मात्र ज्या संस्थेने ती मोजणी केली, तिने पुढे 1986पासून आमच्या तुळजापुरात काम उभारलं, याचं मला फार अप्रूप आहे.

नंतर देशात स्थानिक केंद्रांचं युग आलं. 1984 साली तमिळनाडूत नागरकोईलला पहिलं निघालं, पुढे आमच्या जिल्ह्याच्या गावीही एफएम केंद्र आलं. 2004पासून आकाशवाणीची ‘किसानवाणी’ आहे. आवाज स्वच्छ झाला, जवळचा झाला. पण आता तो मोबाइलमध्ये, एकेकाच्या कानात वाजतो. पारावर बसून त्यावर वाद घालणारी माणसं पुन्हा जमवायला हवीत, असं मी गावात गेलो की सांगत असतो.

माझ्या लहानपणी एका वर्षी तुरीवर अळी पडली. पारावर दोन दिवस वाद झाला आणि शेवटी वडिलांनी पंधरा पैशांच्या पोस्टकार्डावर प्रश्न लिहून परभणीला धाडला. पुढचे काही दिवस पार रोज भरलेला असायचा. एका संध्याकाळी रेडिओतून आमच्या गावाचं नाव आलं. कुणीतरी ओरडलं, “गप बसा रे!” उत्तर संपल्यावर वडिलांनी रेडिओ बंद केला, आणि मारुती मंदिराच्या दिव्याच्या उजेडात, औषधाचं प्रमाण बरोबर ऐकलं का, यावरून पार पुन्हा भांडायला लागला.