हॅलोजन काढून एलईडी टाकताय? आधी हेडलाइट नीट बघा

मंडळी, आपल्या धाराशिव जिल्ह्यात रात्री गाडी चालवायची म्हणजे गंमत नाही. गाळप हंगामात मागे लाल दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या, कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला पायी निघालेले भाविक. उजेड चांगला हवाच, त्यात वाद नाही.

पण नुसता बल्ब बदलून भागत नाही. एच४ हॅलोजन हातात घेऊन बघा: आत दोन फिलामेंट, लो बीमचं ५५ वॅटचं, हाय बीमचं ६० वॅटचं. लो बीमच्या फिलामेंटखाली छोटी धातूची वाटी असते. तीच उजेड वर जाऊ देत नाही. रिफ्लेक्टरचा आकार त्या फिलामेंटच्या जागेवर बेतलेला असतो. एलईडीची चिप जराही इकडेतिकडे झाली, की उजेड रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त! बाजारातले बरेच स्वस्त बल्ब इथेच मार खातात.

तरी बसवायचाच असेल, तर चिपा घड्याळातल्या ३ आणि ९ च्या जागी, म्हणजे आडव्या बाजूंना येऊ द्या. मागच्या पंख्याला हवा खेळायला जागा ठेवा. पांढऱ्याफटक ६००० केल्विनपेक्षा ४३०० बरा. पावसात, धुक्यात डोळ्यांना कमी त्रास.

माझं मत विचाराल तर आधी पिवळी पडलेली काच पॉलिश करा, रिले लावून जाड वायरिंग घ्या. हॅलोजनच उजळतो, खर्चही कमी.

आणि काहीही बसवलं, तरी सपाट जागी भिंतीसमोर गाडी लावून लो बीम तपासा. वर उजेड फाकत असेल, तर तो बल्ब काढून टाका.